गुळवेल पेशींना नक्की काय सांगते?

आधी मुंबईतल्याच दोन गोष्टी सांगतो, मग बाकीचं. १९९३ साली केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या गटाने एक छोटा अभ्यास छापला. पेशंट फक्त ३०, सगळ्यांना अडथळ्याची कावीळ, म्हणजे पित्ताची नळी कुठेतरी तुंबलेली आणि ऑपरेशनची वेळ आलेली. काहींना नेहमीचे उपचार दिले, काहींना त्याच उपचारांसोबत गुळवेलीचा अर्क दिला. अशा पेशंटमध्ये खरी भीती असते ती जंतू रक्तात पसरण्याची, आणि गुळवेल घेतलेल्या गटात ते झालं नाही, दुसऱ्या गटात मात्र बऱ्याच जणांना झालं.

दुसरी गोष्ट २०२१ची. मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी सहा पेशंटची हकीगत छापली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात ही माणसं लिव्हरला सूज घेऊन आली होती, आणि सगळ्यांमध्ये एक गोष्ट कॉमन होती, कोविडच्या भीतीने सगळे गुळवेल घेत होते.

म्हणजे बघा, तेच शहर, तीच वेल, तोच अवयव. एकदा काविळीच्या पेशंटला तारलं आणि एकदा धडधाकट वाटणाऱ्या माणसांच्या लिव्हरला सूज आणली. मग सोशल मीडियावर दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणते अमृत आहे, दुसरी म्हणते विष आहे, आणि दोघंही एकमेकांना अडाणी म्हणतात. मला तरी वाटतं दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि का ते कळायला गुळवेल आपल्या पेशींशी काय बोलते ते बघायला लागतं. थोडं खोलात जावं लागेल, पण अवघड नाहीये.

सुरुवात त्या शब्दापासून करू, 'इम्युनिटी वाढवते'. वाढवते म्हणजे नक्की काय वाढवते? रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा असतो, साधारण ४,००० ते ११,००० दर मायक्रोलिटरला, हा नॉर्मल. तो २५,००० झाला तर कुणी पेढे वाटत नाही, डॉक्टर विचारतात इन्फेक्शन कुठे आहे. फ्लू झाल्यावर अंग मोडून येतं, ताप चढतो, भूक जाते, हे सगळं काही व्हायरस करत नाही, यातलं बरंचसं आपल्याच पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे होतं. ॲलर्जी म्हणजे तर साप साप म्हणून भुई धोपटणं, धुळीचा कण काहीही वाकडं करत नसताना नाक वाहून वाहून हैराण. त्यामुळे इम्युनिटी ही टाकीतल्या पाण्यासारखी गोष्ट नाही की पातळी वर गेली म्हणजे बरं. कुठल्या पेशीला कधी उठवायचं आणि कधी गप्प बसवायचं, सगळा खेळ त्याचा आहे.

गुळवेलीच्या गोष्टीतली मुख्य पेशी म्हणजे मॅक्रोफेज. मराठी पुस्तकात हिला महाभक्षी पेशी म्हणतात, नाव भारी आहे पण बोलताना कुणी वापरत नाही. ही जंतू गिळते, मेलेल्या पेशींचा कचरा उचलते आणि काही गडबड दिसली की बाकीच्यांना कळवते. अशा गिळणाऱ्या पेशी असतात हे पहिल्यांदा ओळखलं एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावात त्याने स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लांमध्ये झाडाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. १९०८ ला त्याला नोबेल मिळालं.

पण पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत, मग समोर जंतू आहे हे तिला कळतं कसं? याचं उत्तर मिळायला जवळपास आणखी शंभर वर्षं गेली. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर काही प्रोटीन असतात, त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात, शॉर्टमध्ये टीएलआर. माणसात हे दहा प्रकारचे असतात, आणि ते सगळेच बाहेरच्या आवरणावर नसतात, काही पेशीच्या आतल्या कप्प्यांत असतात. त्यातला टीएलआर-४ आपल्या कामाचा. बऱ्याच बॅक्टेरियांच्या बाहेरच्या भिंतीत लिपोपॉलिसॅकराइड नावाचा, म्हणजे चरबी आणि साखरेच्या साखळीचा, एक पदार्थ असतो आणि टीएलआर-४ तोच ओळखतो. फळमाशीत टोलचं हे काम १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवलं, उंदरात टीएलआर-४ आणि बॅक्टेरियाच्या भिंतीचा संबंध १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने, आणि दोघांना २०११ चं नोबेल मिळालं.

हे दाराच्या कडीसारखं समजा. कडी वाजली की आतला माणूस उठतो. कडी कुणी वाजवली, चोराने की पाहुण्याने, हे उठताना त्याला माहीत नसतं, आधी उठणं होतं. टीएलआर-४ ची कडी वाजली की आत एकामागून एक प्रोटीन जागी होत जातात आणि शेवटी एनएफ-कप्पा-बी नावाचा एक स्विच पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि तिथले ठरावीक जीन चालू करतो. मग पेशी टीएनएफ-अल्फा, आयएल-१, आयएल-६ असली रसायनं सोडते, यांना एकत्र सायटोकाइन म्हणतात. त्यांच्यामुळे ताप येतो, सूज येते, रक्तातल्या बाकीच्या पेशी तिकडे धावतात. मॅक्रोफेज स्वतः जास्त भराभर गिळायला लागते आणि गिळलेल्या जंतूला मारायला नायट्रिक ऑक्साइडसारखी विषारी द्रव्यं बनवते.

आता गुळवेल. औषधात मुख्यतः तिचं खोड वापरतात. त्या खोडात शेकडो पदार्थ आहेत, पण पेशी उठवण्याच्या बाबतीत ज्याच्यावर सगळ्यात नीट काम झालंय तो आहे जी१-४ए, हे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी वेगळं केलेलं पॉलिसॅकराइड, सोप्या शब्दात साखरेच्या शेकडो कड्यांची लांब फांद्या फुटलेली साखळी. आधी लक्षात आलं की याच्यामुळे बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, वाढायला लागतात. नंतर कळलं की मॅक्रोफेज पण उठतात, आणि उठतात त्या टीएलआर-४ च्याच वाटेने. तो रिसेप्टर अडवून ठेवला की परिणाम कमी होतो. २०१६ मध्ये याच केंद्रातून एक काम छापून आलं, त्यात टीबीचे जंतू असलेल्या मॅक्रोफेजना जी१-४ए दिलं तर आतले जंतू कमी झाले, उंदरांमध्ये पण कमी झाले. लक्षात घ्या, जी१-४ए ने जंतू थेट मारले असं नाही, त्याने घरमालकाला उठवलं आणि मारायचं काम घरमालकाने केलं. अँटिबायोटिक आणि हे यात हाच मूळ फरक आहे.

थोडक्यात, गुळवेल पेशीला जे सांगते ते बॅक्टेरिया सांगतो त्याच्याशी मिळतंजुळतं आहे, 'ऊठ, कुणीतरी आलंय'. फक्त दारात चोर नसतो. ऐकायला हे इतकं छान वाटतं की सगळे इथेच थांबतात आणि लेख संपवतात, पण इथून पुढेच खरी मजा आहे.

पहिली गोम अशी. जी कडी वनस्पतीच्या साखरेने वाजते तीच बॅक्टेरियाच्या भिंतीच्या तुकड्याने वाजते, आणि तीही अगदी नखभर प्रमाणात. आता वनस्पती काही निर्जंतुक डब्यात उगवत नाही, तिच्या खोडावर आणि आतसुद्धा बॅक्टेरिया राहतात. तुम्ही अर्क काढला की त्यांच्या भिंतीचे तुकडे त्यात येणारच. मग प्लेटमधली, म्हणजे लॅबमधल्या बशीत वाढवलेली, मॅक्रोफेज उठली ती वनस्पतीमुळे की त्या बॅक्टेरियामुळे? ही नुसती शंका नाही, अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात इकिनेशिया आणि अजून काही 'इम्युनिटीवाल्या' वनस्पतींवर काम झालं तेव्हा प्लेटमध्ये दिसणाऱ्या मॅक्रोफेजच्या हालचालीतला मोठा वाटा बॅक्टेरियाच्या लिपोप्रोटीन आणि लिपोपॉलिसॅकराइडचाच निघाला. म्हणून चांगल्या लॅबमध्ये पॉलिमिक्सिन-बी नावाचं औषध टाकून बघतात, ते लिपोपॉलिसॅकराइडला पकडून ठेवतं, आणि ते टाकल्यावरही परिणाम टिकला तरच वनस्पतीला श्रेय. एखाद्या वनस्पतीने पेशी ॲक्टिव्ह झाल्या असं कुठे वाचलंत तर ही तपासणी केली होती का हे शोधा, पेपर वाचायची सवय नसली तरी एवढं शोधता येतं. मी तर आता आधी तेच शोधतो, नाही सापडलं तर पुढचं वाचायचा उत्साहच जातो.

दुसरी गंमत अशी की हीच जी१-४ए उंदरांना आधी देऊन ठेवली आणि मग त्यांना बॅक्टेरियाच्या भिंतीच्या विषाचा मोठा डोस दिला, जो एरवी जीव घेतो, तर उंदीर वाचण्याचं प्रमाण वाढलं. अरे, पण जी गोष्ट पेशींना उठवते तिने तर आग अजून भडकायला हवी होती ना? नाही भडकली, कारण पेशींना सवय होते. लांडगा आला रे आला वाली गोष्ट आठवा, दोनदा हाक ऐकून गावकरी धावले, तिसऱ्यांदा कुणी उठलं नाही. मॅक्रोफेजचं पण तसंच, कडी आधी एकदा हळू वाजून गेली असेल तर पुढच्या वेळी ती जोरात वाजली तरी पेशी टीएनएफ कमी सोडते. याला टॉलरन्स म्हणतात. गोष्टीत गावकऱ्यांचं नुकसान झालं पण इथे कधीकधी फायदा होतो, कारण अशा विषाने मरणारा प्राणी बऱ्याचदा विषापेक्षा स्वतःच्याच सायटोकाइनच्या पुराने मरतो. म्हणजे एकच पदार्थ, आज दिला तर उठवणारा आणि उद्याच्या हिशोबाने बघितलं तर शांत करणारा. 'बूस्टर' हा शब्द इथेच तोंडावर आपटतो.

आणि खोडात एकटं जी१-४ए थोडीच आहे. सिरिंजिन नावाचा एक पदार्थ पण आहे, तो प्रयोगशाळेत काँप्लिमेंट सिस्टिमला आवर घालताना दिसलाय. काँप्लिमेंट म्हणजे रक्तात फिरणाऱ्या प्रोटीनची एक टोळी, ती जंतूच्या आवरणाला भोकं पाडते आणि गिळणाऱ्या पेशींसाठी जंतूवर खूण करून ठेवते. म्हणजे त्याच खोडात एक पदार्थ उठवतोय आणि दुसरा आवरतोय. वर तो कडू चवीचा डायटर्पिनॉइडचा गट, वर अल्कलॉइड, प्रत्येकाचं वेगळं. कुठला पदार्थ किती निघेल हे वेल कुठे वाढली, खोड किती जुनं, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये यावर ठरतं. साखरेच्या लांब साखळ्या पाण्यात येतात, अल्कोहोलमध्ये त्या खाली बसतात, उलट कडू पदार्थांपैकी बरेच अल्कोहोलमध्ये चांगले उतरतात. त्यामुळे दोन बाटल्यांवर 'गुळवेल' हेच नाव असलं तरी आतला माल पेशींना वेगवेगळं काही सांगत असू शकतो. एका अभ्यासातला अर्क आणि तुमच्या हातातली गोळी यात फक्त नावाचंच साम्य असेल, हे आपण विसरतो.

मग पोटाचा प्रश्न. प्लेटमध्ये पदार्थ थेट पेशीवर ओततात. उंदराला बऱ्याचदा सुई टोचून देतात. आपण मात्र गिळतो. जी१-४ए सारखी लांबलचक साखळी आतड्याच्या भिंतीतून अख्खी रक्तात जाणं अवघडच. म्हणजे सगळं फुकट? तसंही नाही, कारण आतड्यातच इम्यून पेशींची मोठी वस्ती असते. लहान आतड्याच्या भिंतीत पायर्स पॅचेस नावाचे लसिका पेशींचे पुंजके असतात, त्यांच्यावर एम पेशी नावाच्या खास पेशी बसलेल्या असतात आणि त्या आतड्यातल्या मालाचा थोडा थोडा नमुना उचलून आत मॅक्रोफेज आणि त्यांच्या भावंडांना दाखवत राहतात. शिवाय मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया अशा साखळ्या तोडून त्यापासून छोटी फॅटी ॲसिड बनवतात, आणि त्यांचाही इम्यून पेशींवर परिणाम होतो. तर वाट आहे, पण आडवळणाची आहे, आणि प्लेटमध्ये जितका परिणाम दिसला तितकाच गिळून मिळेल असं गृहीत धरणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

माणसांवरचे अभ्यास थोडे आहेत पण आहेत. २००५ मध्ये ॲलर्जीच्या सर्दीच्या ७५ पेशंटवर आठ आठवडे गुळवेलीचा अर्क आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली सारखी दिसणारी गोळी, असं करून बघितलं. गुळवेलवाल्यांच्या शिंका, नाक वाहणं कमी झालं, आणि नाकातून घेतलेल्या नमुन्यात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत गर्दी करणाऱ्या पेशी, कमी दिसल्या. आता ही ॲलर्जी, इथे इम्यून सिस्टिम आधीच जास्त तापलेली, आणि इथे वेलीने ती थंड केली. ७५ लोक म्हणजे काही फार मोठा आकडा नाही हे मान्य, एवढ्यावर उड्या मारू नयेत, पण दिशा बघण्यासारखी आहे.

आता १९९३ च्या त्या काविळीकडे परत जाऊ, कारण आता ती कळेल. लिव्हरमध्ये मॅक्रोफेजची स्वतःची मोठी फौज असते, कुप्फर पेशी म्हणतात तिला. आतड्यातून येणारं रक्त आधी लिव्हरमधून जातं आणि त्यातून निसटून आलेले जंतू कुप्फर पेशी गाळून घेतात. पित्त तुंबलं की या पेशी सुस्त पडतात, रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या गिळणाऱ्या पेशी पण जंतू गिळायला कंटाळतात, म्हणून ऑपरेशननंतर जंतू रक्तात पसरायची भीती. तिथे गुळवेल दिल्यावर न्यूट्रोफिलची गिळण्याची आणि मारण्याची ताकद सुधारलेली दिसली. झोपलेल्याला उठवलं, त्याचा फायदा झाला. सरळ हिशोब.

आणि २०२०? तिथे पेशी झोपलेल्या नव्हत्या. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ पेशंटचा अभ्यास छापला, आणि त्यात जे चित्र दिसलं ते नुसत्या विषबाधेचं नव्हतं, बऱ्याच जणांत ते ऑटोइम्यून हेपटायटिससारखं होतं. ऑटोइम्यून म्हणजे आपलीच इम्यून सिस्टिम आपल्याच पेशींवर उलटते. काही जणांमध्ये हा आजार आधीपासून आत गुपचूप असावा, लक्षणं नव्हती, रिपोर्ट कधी काढले नव्हते, आणि गुळवेलीने तो उघडा पाडला असं डॉक्टरांचं म्हणणं. ज्या घरात माणूस आधीच अर्धवट जागा आहे, चिडलेला आहे, घरच्यांवरच हात उगारायच्या बेतात आहे, तिथे जाऊन तुम्ही महिनाभर रोज कडी वाजवताय. अजून काय होणार.

हा उलगडा शंभर टक्के सिद्ध आहे असं मी म्हणत नाही. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच आक्षेप घेतला होता की त्या पेशंटनी घेतलेली वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा होती हे आधी तपासायला हवं होतं. आक्षेप अगदीच हवेतला नाही, क्रिस्पाने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी जुन्या आहेत, आणि वेली ओळखण्यात गल्लत होते. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे जास्त असतात, पण वाळवून पावडर केल्यावर कोण ओळखणार, कप्पाळ! डोस आणि किती दिवस घेतलं हा मुद्दाही आहेच, लोक महिनोन्महिने घेत होते. पण वेल कुठलीही असो, इम्यून पेशी उठवणारी गोष्ट ऑटोइम्यून आजारात त्रास देऊ शकते हे तर्काला धरून आहे, आणि त्या ४३ जणांमधलं चित्र त्याच्याशी जुळतं.

म्हणून ज्यांना संधिवाताचा आरए प्रकार आहे, ल्युपस आहे, सोरायसिस आहे, ऑटोइम्यून थायरॉइड किंवा ऑटोइम्यून हेपटायटिस आहे, त्यांनी 'साइड इफेक्ट नसतात' या भरवशावर हे चालू करू नये. किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्यांची तर गोष्टच वेगळी, ते पेशी झोपाव्यात म्हणून रोज गोळ्या घेतात, आणि तुम्ही त्याच पेशींच्या दारावर कडी वाजवायला निघालात. डायबिटिसवाल्यांसाठी वेगळं कारण, गुळवेल साखर पण खाली आणते, गोळ्या चालू असतील तर बेरीज होते आणि शुगर जास्तच खाली जाऊ शकते. लिव्हरचा जुना त्रास असेल तर मग विचारायलाच नको.

आणि जे घेतातच त्यांच्यासाठी, लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अन्नावरची वासना जाणं, उगाच मळमळ, अंगाला खाज, यातलं काही दिसलं तर आधी ते थांबवा आणि बिलिरुबिन, एसजीपीटी या लिव्हरच्या रक्ततपासण्या करून घ्या, आणि डॉक्टरांनी काय औषधं चालू आहेत असं विचारलं की गुळवेलीचं नाव सांगा. बहुतेक लोक सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.